मामांचा आकडा

'मामांचा आकडा आला का?' असं आमच्या वॉर्डात कुणी विचारलं, तर बाहेरच्या माणसाला वाटायचं की इथे जुगार चालतो. तो आकडा संडासचा होता. कोणत्या खाटेवरच्या पेशंटला कालपासून किती वेळा झाली, पातळ की घट्ट, एवढाच त्याचा अर्थ. हसू येण्यासारखी गोष्ट आहे, मीही पहिल्या वर्षी हसले होते.

आमचा वॉर्ड पुरुषांचा, तीस खाटांचा. मी तिथली इन्चार्ज सिस्टर आणि मामा तिथले वॉर्डबॉय. साठीला टेकलेल्या माणसाला बॉय म्हणायला माझी जीभ रेटत नसे, म्हणून सगळ्यांसारखी मीही मामाच म्हणायचे. त्यांचं काम सांगायला सोपं होतं. ज्याला उठवत नाही त्याला भांडं द्यायचं, झालं की काढायचं, धुवायचं आणि खुंटीला पालथं अडकवायचं. प्रत्येक खाटेचं भांडं वेगळं. संडासाच्या बाहेरच्या भिंतीवर तीस खुंट्या आणि प्रत्येक भांड्याच्या बुडावर तांबड्या रंगात नंबर. नंबर मामांनीच रंगवले होते. नऊ त्यांना नीट जमला नव्हता, तो एकच्या आकड्यासारखा दिसायचा, म्हणून त्याच्याखाली त्यांनी एक जाड रेघ ओढून ठेवली होती.

रोज सकाळी आठला ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, हात मागे बांधून, आणि बोलायला लागायचे. "तीन नंबर दोन, ठीक. सात नंबर काही नाही, कालही नव्हतं. अकरा नंबर सहा, पाण्यासारखं." तीस खाटा, हातात कागदाचा कपटा नाही. मी चार्टवर उतरवत जायची. मी कडक म्हणून प्रसिद्ध होते, कुणाच्या शब्दावर विसंबायची नाही. म्हणून पहिल्या वर्षी आठवडाभर मी गुपचूप स्वतः मोजून पाहिलं. सातव्या दिवशी आकडे सांगून झाल्यावर मामा जाता जाता थांबले.

"सिस्टर, शुक्रवारी पाच नंबरचं तुमचं एक राहिलं. तुम्ही चहाला गेला होतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर अकरा वर्षांत मी मामांचा आकडा कधी तपासला नाही. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, पुढे त्याचं काम पडणार आहे.

मामांना आणखी एक गोष्ट जमायची आणि ती कुठल्या नर्सिंग कॉलेजात शिकवत नाहीत. लाजणारा पेशंट. तुम्हाला खोटं वाटेल, पण चांगली शिकलीसवरलेली माणसं भांडं पाहिलं की लहान मुलासारखी रडवेली होतात. एकदा एक निवृत्त न्यायाधीश दोन दिवस धरून बसले होते. मी समजावलं, डॉक्टरांनी दटावलं, उपयोग शून्य. मग मामा पडदा ओढून आत गेले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही भिंतीकडे बघा, मी भांड्याकडे बघतो. आपली तोंडओळख उद्या सकाळी." पाच मिनिटांत काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा त्यांना भेटले ते जसे पहिल्यांदाच भेटताहेत तसे, अगदी अदबीने. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं असेल. त्यात त्यांनी कधी काना-मात्रेचाही बदल केला नाही.

त्यांच्या नाकाची तर डॉक्टरांनाही धास्ती होती. आतड्याचा एक आजार आहे, तो बहुतेक दवाखान्यातच धरतो. त्याच्या जंतूचं नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं सी-डिफ म्हणतो. पेशंटला दुसऱ्याच कशासाठी तरी जोरदार अँटिबायोटिक दिलेलं असतं. ते वाईट जंतूंबरोबर आतड्यातले चांगलेही मारून टाकतं, आणि मग मोकळ्या झालेल्या जागेत हा चिवट बसतो. त्याच्या जुलाबाला एक वेगळाच वास असतो, गोडसर आणि कुजका. तपासणीचा कागद दुसऱ्या दिवशी यायचा, मामा आदल्या दिवशीच सांगायचे, "सिस्टर, अकरा नंबरला कोपऱ्यात हलवा." कोपऱ्यात म्हणजे कोपऱ्याच्या खोलीत. तिला स्वतंत्र संडास होता आणि असे पेशंट आम्ही तिथे वेगळे ठेवायचो. बहुतेक बरे होऊन गेले. सगळे नाही. काहींचं आतडं सुजून हालचालच बंद करतं, फुगत जातं आणि शेवटी फुटतं. जुलाब थांबवायची साधी गोळी या आजारात द्यायची नाही ती याचसाठी. विष बाहेर पडायचं ते आतच कोंडतं. ही सूचना माझ्या टेबलामागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेली होती, आणि तिच्यावरची धूळ रोज मामाच पुसायचे.

मध्ये एकदा प्रत्येक खाटेपाशी हात चोळायच्या स्पिरिटच्या बाटल्या आल्या. सगळे खूश, नळापर्यंत जायला नको. मामांनी बाटलीला हात लावला नाही. साबण आणि पाणी, कोपरापर्यंत, दर वेळी. एका तरुण डॉक्टरने त्यांची चेष्टा केली. मग संसर्गावर लक्ष ठेवणाऱ्या बाई आल्या आणि त्यांनीच सांगितलं की कवचातला हा जंतू स्पिरिटने मरत नाही, तो साबणाने धुऊन काढावा लागतो आणि फरशीवर, संडासात ब्लीच लागतं. डॉक्टरचा चेहरा पडला. मामा हात पुसत होते.

मामांच्या बायकोला ओघानेच आम्ही मामी म्हणायचो. दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर त्यांचं शिवणाचं दुकान होतं, म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि एक स्टूल. कपडे घट्ट करणे, सैल करणे, लांबी कमी करणे, हे त्यांचं काम. दुपारी एकला मामांचा डबा घेऊन यायच्या, गळ्यात मोजायची पट्टी तशीच लटकत असायची. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्काराच्या आधी त्यांनी माझ्या कमरेकडे पाहिलं होतं. "सिस्टर, अंगातला हा युनिफॉर्म दुसऱ्या कुणाचा आहे," म्हणाल्या. तो होताच दुसऱ्या कुणाचा.

त्या वर्षी थंडी कडक पडली होती. मामांनी चार दिवस अंगात ताप घेऊन काम केलं आणि पाचव्या दिवशी भांडं हातात घेऊनच खाली बसले. निमोनिया निघाला. दुसरीकडे कुठे जायला तयार होईनात, म्हणून आमच्याच वॉर्डात, नऊ नंबरच्या खाटेवर त्यांना घेतलं. मामा खुंटीकडे बघून म्हणाले, "मीच रंगवलेलं, मीच वापरायचं." सगळे हसलो.

त्यांच्या जागी काम आलं नव्याकडे. नवा शेहेचाळीस वर्षांचा होता, बारा वर्षं दवाखान्याच्या धोबीखान्यात काढून आमच्याकडे आठ महिन्यांपूर्वी आला, म्हणून नवा. माणूस भला, पण कामात ढिला. मामा खाटेवरून त्याच्यावर नजर ठेवून असायचे. सलाईनमधून अँटिबायोटिक चालू होतं, त्याने छाती मोकळी व्हायला लागली, चौथ्या दिवशी मामा स्वतःच्या पायांनी चालत संडासला गेले. मी म्हणाले, आता लवकरच घरी पाठवू.

सकाळी आठचा रिवाज चालूच राहिला. नवा एकोणतीस खाटांचे आकडे कागदावर लिहून आणायचा, मी ते उतरवायची आणि शेवटी नऊ नंबरच्या पायथ्याशी जाऊन विचारायची, "मामा, तुमचं?" ते सांगायचे, "नऊ नंबर एक, ठीक." मी लिहायची. नव्याच्या प्रत्येक आकड्यावर मी शंका घेत होते, दोनदा तर त्याला परत मोजायला धाडलं. मामांच्या आकड्यावर शंका घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही.

सातव्या दिवशी, म्हणजे रविवारी, मामी आल्या तेव्हा मामांचा पायजमा कमरेला ढगळ झाला होता. आजाराने वाळले होते. मामींनी तिथेच पट्टी लावली, एकतीस इंच, आणि दुसऱ्या दिवशी दोन पायजमे आत घेऊन आणले.

सोमवारी दुपारी मला संडासात ब्लीचचा वास आला. संडास धुवायची वेळ सकाळची. दुपारी कुणी धुतलाय म्हटल्यावर मी आत डोकावले. फरशी ओली, कडा घासलेल्या, संडासाच्या भांड्याच्या मागची जागासुद्धा, जिथे कुणाचा हात पोचत नाही. मी नव्याला बोलावून चार लोकांत त्याचं कौतुक केलं. नवा गोंधळला. इतकी वर्षं धोबीखान्यात कुणी शाबासकी दिली नव्हती, आयती मिळाली ती त्याने खिशात घातली. मंगळवारी दुपारीही वास आला. मला वाटलं, गाडं रुळावर आलं.

त्याच मंगळवारी मामांना पुन्हा ताप चढला. डॉक्टर आले. "जुलाब वगैरे काही?" असं त्यांनी विचारलं. असा ताप असला की विचारतातच. मी चार्ट बघून उत्तर दिलं, "रोज एकदा, ठीक." मामा डोळे मिटून पडले होते. डॉक्टरांना वाटलं, छातीतच पुन्हा काहीतरी उचल खाल्ली असेल. त्यांनी अँटिबायोटिक बदलून त्याहून जोरदार लिहिलं. मी ते स्वतःच्या हाताने लावलं.

बुधवारी सकाळी मामा म्हणाले, "नऊ नंबर एक, थोडंसं." गुरुवारी म्हणाले, "नऊ नंबर, काही नाही." मी शून्य लिहिलं आणि पुढे गेले. शून्याने कुणाला भीती वाटत नाही. आमच्या वॉर्डात तर शून्य म्हणजे एक काम कमी.

गुरुवारी एकला मामी आल्या. मी औषधांच्या ट्रॉलीपाशी होते. पडद्याआड त्यांचं काहीतरी चाललेलं ऐकू येत होतं, मग त्या माझ्याकडे आल्या. पट्टी गळ्यात नव्हती, हातात होती, आणि अंगठ्याचं नख एका आकड्यावर दाबून धरलं होतं.

"सिस्टर, चार दिवस झाले, ह्यांनी डबा उघडलेला नाही. मी भरलेला आणते आणि भरलेला परत नेते."

"तापात तोंडाला चव नसते, मामी."

"ते असू दे. रविवारी एकतीस होती कंबर. आज पायजम्याची नाडी पुरत नाही म्हणून मोजली. हे बघा. साडेचौतीस."

"पडून राहून पोटात गॅस धरतो. दोन दिवसांत—"

"तीस वर्षं माणसांच्या कमरा मोजते मी." त्यांनी आवाज चढवला नाही. "उपाशी माणसाची कंबर चार दिवसांत साडेतीन इंच वाढत नाही. तुम्ही येऊन बघा."

मी गेले ते खरं सांगायचं तर त्यांचं समाधान करायला. चादर बाजूला केली आणि पोटावर हात ठेवला. पोट ताणून टणक झालं होतं, मी बोटं दाबली तसा मामांनी जबडा आवळला. मी स्टेथोस्कोप लावला. जिवंत माणसाच्या पोटात कायम काहीतरी गुरगुरत असतं. मी घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटं ऐकलं. काही नव्हतं. नाडी एकशे बत्तीस.

"मामा," मी म्हणाले, "किती वेळा?"

"आज काहीच नाही. हे खरं आहे."

"आणि आधी?"

ते भिंतीकडे बघायला लागले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, सकाळी आठला सांगायचे त्याच सुरात, फक्त आवाज बारीक होता.

"रविवारी सात. सोमवारी अकरा, पाण्यासारखं. मंगळवारी दुपारपर्यंत नऊ. मग गोळी घेतली. त्यानंतर दोन. बुधवारी सकाळपर्यंत तीन, थोडं थोडं, मग दोन गोळ्या. आज शून्य. लिहून घ्या, सिस्टर. आधीचं खोडू नका, बाजूला तांबड्या शाईने लिहा."

एवढ्या दुखण्यात त्यांनी एकही आकडा विसरलेला नव्हता. मला खोटे आकडे सांगत होते तेव्हाही खरे डोक्यात जपून ठेवलेले होते. आणि चार दिवसांत मला सांगितलेला त्यांचा पहिला खरा आकडा होता आजचं शून्य, ज्याच्यावर मी निश्चिंत झाले होते.

"कसली गोळी?" मामी म्हणाल्या.

मामी हळूहळू खाटेच्या कडेवर बसल्या. मंगळवारी मामांनी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली होती आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पाकीट आणायला सांगितलं होतं. एका पेशंटला हवंय, बिचारा लाजतो, सिस्टरांना सांगू नको, असं म्हणाले होते.

"तो पेशंट तुम्हीच का?" मामींनी विचारलं.

मामांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. पोटाचा एक्स-रे काढला. सर्जन खाली आल्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी मामींना वऱ्हांड्यात घेऊन स्वच्छ शब्दांत सांगितलं. मोठं आतडं एरवी चार-पाच सेंटिमीटर रुंद असतं, मामांचं बाराला गेलं होतं. कधीही फुटेल. फुटलं तर काही उरणार नाही. ते काढून टाकायचं, आणि लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणून तिथे पिशवी लावायची. ऑपरेशन केलं तर वाचायची शक्यता निम्मी.

"आणि नाही केलं तर?"

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबणार नाहीत."

मामींनी सही केली. मग विचारलं, "पिशवी डावीकडे येणार का उजवीकडे?"

"उजवीकडे. बेंबीच्या खाली, जराशी बाजूला."

"पायजम्याची कंबर बदलावी लागेल," मामी म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू आलं.

मामांना वर न्यायला अर्धा तास होता. मी त्यांच्याजवळ गेले. मला राग आला होता, आणि तो लपवायची मला सवय नाही. "तुम्हाला वास कळला नाही?" मी विचारलं. "आख्ख्या वॉर्डाचा कळतो तुम्हाला."

"स्वतःचा येत नाही," ते म्हणाले. मला ते तेव्हाही खरं वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्याला त्या वासाची शंका नाही तो दर खेपेला ब्लीचची बाटली घेऊन संडास घासत बसत नाही. छातीत निमोनिया, अंगात ताप, दिवसाला अकरा वेळा, आणि प्रत्येक वेळी गुडघ्यांवर बसून मागचा कोपरासुद्धा. दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून. तेवढी खात्री त्यांना नक्की होती. आणि गोळीची सूचना त्यांनी रोज पुसलेली होती, तीही पाठ असणार.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर कोपऱ्यात हलवलं असतं तुम्ही. मोजायला भांडं दिलं असतं." त्यांना बोलताना धाप लागत होती. "कुणी काढायचं? नव्याने? का तुम्ही?"

"मग काय झालं असतं?"

"बत्तीस वर्षं मी माणसांना भिंतीकडे बघायला सांगतोय, सिस्टर. मला वाटायचं तेवढं पुरतं. पुरत नाही."

मग ट्रॉली आली. नव्यानेच ढकलत नेली.

ऑपरेशन चार तास चाललं. आतडं हातात घेताना एका जागी फाटलं, पण पोटात फार सांडायच्या आत सर्जननी ते बाहेर काढलं. हे मला नंतर कळलं. पुढचे आठ दिवस मामा वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात होते. पाच दिवस तर मशीन श्वास घेत होतं त्यांचा. मामी रोज एकला यायच्या, सवयीने डबा आणायच्या आणि वऱ्हांड्यात बसून एखाद्या कपड्याची उसवण करायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं कुठल्या पेशंटला म्हणून." मी म्हणाले, मीही विचारायला हवं होतं.

मला खुलासा लिहून द्यावा लागला. चार्टवर माझ्या अक्षरात रविवारपासून ओळीने उभे होते, एक, एक, एक, एक, शून्य, आणि त्यांच्या शेजारी तांबड्या शाईत दुसरे आकडे, तेही माझ्याच अक्षरात. वरिष्ठ मेट्रननी विचारलं, "हे आकडे कुणी पाहिले होते?" कुणी नाही. "मग लिहिले कसे?" त्यांनी सांगितले म्हणून. असं मी न अडखळता, सरळ लिहिलं. पुरत्या अकरा वर्षांत दुसऱ्या कुणाचं ऐकून मी साधं तापमानसुद्धा शंका न घेता लिहिलं नव्हतं. विश्वास टाकावा असा एकच माणूस मला मिळाला, आणि त्या विश्वासाने त्याचं आतडं गेलं. मी हे स्वतःला चाबकाने मारून घ्यायला लिहीत नाही. जे झालं ते असं झालं, एवढंच.

नवाही आला एक दिवस, मान खाली घालून. "सिस्टर, ती शाबासकी माझी नव्हती." मामांना बाटली घेऊन संडासात जाताना त्याने तीन-चार वेळा पाहिलं होतं. "मला वाटलं, मी धुतलेलं तपासायला जातात. म्हणून मी त्या बाजूला फिरकलोच नाही."

दोन आठवडे आम्ही वॉर्डातल्या सगळ्या पेशंटवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. एकालाही लागण झाली नाही.

नवव्या दिवशी मामा खाली आले, कोपऱ्याच्या खोलीत. निम्मे झाले होते. बोटांत पेला धरवत नव्हता. पोटाच्या उजव्या बाजूला पिशवी होती आणि मामींनी शिवून आणलेल्या पायजम्याला त्या जागी एक मऊ कापडाचा खण होता, इतका बेमालूम की सर्जननी तो दोनदा उलटसुलट करून पाहिला. वरच्या मजल्यावर ते शुद्धीत नसताना पिशवी कुणी ना कुणी रिकामी केली होती. आता शुद्ध होती. सकाळी नवा मापाचा मग घेऊन आत गेला आणि तसाच परत आला.

"नको म्हणतात. पिशवी भरलीय, पण हात लावू देत नाहीत."

मी नव्याच्या हातातला मग घेतला. हातमोजे घातले, आत गेले, दार लोटलं. मामांनी मला पाहिलं आणि दोन्ही हात पिशवीवर ठेवले. त्या हातांत आता काही जोर नव्हता, मी एका बोटाने बाजूला करू शकले असते.

"मामा," मी म्हणाले, "तुम्ही भिंतीकडे बघा. मी भांड्याकडे बघते. आपली तोंडओळख उद्या सकाळी."

मामा हसले नाहीत. मग हात काढून घेतले आणि मान भिंतीकडे वळवली. त्यांचा कान माझ्याकडे होता, तो लालबुंद झालेला मला दिसत होता. मी पिशवीचं तोंड उघडलं, मगात रिकामी केली, तोंड पुसून चिमटा लावला. कामाला दीड मिनिट लागलं असेल. मी माझ्या नोकरीत याहून किळसवाणी हजार कामं केली आहेत, पण इतकं अवघड एकही नव्हतं.

"झालं," मी म्हणाले.

"किती?" मामांनी भिंतीकडे बघूनच विचारलं.

"साडेतीनशे." मी खिशातलं पेन काढलं.

"थांबा." त्यांनी मान वळवली. डोळ्यांतून पाणी येऊन कानापर्यंत गेलं होतं, ते पुसायला हात वर होत नव्हता. "दाखवा."

मी मग त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, रेघ बरोबर त्यांच्या नजरेच्या पातळीला येईल असा. मामांनी नीट पाहिलं.

"तीनशे चाळीस," ते म्हणाले. "आता लिहा."